सुलट कोणती, उलट कोणती: गोधडीचं कापड कापण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या गांधीबागेतून गोधडीसाठी सुती कापडं आणली: एक छापील, एक साधं निळं, एक हातमागाचं. सोबत आईच्या दोन जुन्या साड्या. पाच इंची चौकोन कापले आणि रात्री ट्यूबलाइटखाली जोडले. सकाळी उजेडात बघितलं तर एकाच निळ्या कापडाचे काही चौकोन गडद, काही फिके. छापील कापडाचेही तीन चौकोन धुरकट. तेव्हा सुलट बाजू ओळखायची कशी, आणि जोडलेल्या भागाचं आता काय करायचं?

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. तुमचे सगळे निळे चौकोन उलट बाजूने लागले असते, तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. डोळ्याला खटकतं ते दोन बाजू मिसळल्यामुळे. गोधडीच्या कामात कापडाची ‘खरी’ सुलट बाजू शोधून काढणं दर वेळी गरजेचं नसतं; कोणती बाजू वर ठेवायची ते एकदा ठरवून शेवटच्या तुकड्यापर्यंत तीच पाळणं मात्र दर वेळी गरजेचं असतं. शिवाय तुमच्या निळ्या कापडाबाबत मला वेगळीच शंका आहे. तिथे बाजूचा दोष नसून दिशेचा असावा. त्याकडे पुढे येते.

दोन्ही बाजूंत किती फरक दिसेल हे कापडात रंग कसा शिरला यावर अवलंबून असतं. धागा आधी रंगवून मग विणला असेल, तर रंगाच्या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच. विणलेलं कापड रंगात बुडवलं असेल, तरी दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. फरक असलाच तर वरच्या चकाकीचा. रंग एका बाजूने छापला असेल, तर फरक नक्की असतो, तो कमी की जास्त एवढाच प्रश्न. कापड हातात आल्यावर पहिला विचार हा करा. त्यावरून पुढे किती बारकाईने शोधायचं ते ठरतं.

छापील कापड सगळ्यात सोपं. ज्या बाजूला रंग भरदार आणि नक्षीची कड धारदार, ती सुलट. मागच्या बाजूला रंग झिरपून आलेला असतो, म्हणून तो फिका आणि कडेला पसरट दिसतो. पिगमेंट छपाईत रंग चिकट माध्यमाच्या आधाराने वरच बसतो, त्यामुळे मागची बाजू बरीच पांढरी राहते. डिजिटल छपाईच्या बऱ्याच कापडांतही तसंच. रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र धाग्यात मुरतो, आणि पातळ मलमलीवर तो इतका आरपार जातो की ट्यूबलाइटखाली दोन्ही बाजू सारख्या भासतात. तुमचे तीन चौकोन बहुधा असेच फसले. म्हणून निर्णय दिवसाउजेडी घ्यायचा. इतवारी बाजाराच्या आतल्या दुकानांत भर दुपारीही दिवे लागलेले असतात. कापडाचं टोक हातात धरून दुकानाच्या दारापर्यंत यायला संकोच करू नका, दुकानदारांना त्याची सवय असते.

गडद जमिनीवरच्या, म्हणजे नक्षीमागच्या रंगावरच्या, फिक्या नक्षीचा एक प्रकार फसवतो. त्यात आधी रंगवलेल्या कापडावरून रसायनाने रंग काढून नक्षी उमटवलेली असते, त्याला डिस्चार्ज छपाई म्हणतात. तिथे जमिनीचा रंग दोन्ही बाजूंना सारखाच गडद दिसतो, त्यामुळे जमीन बघून काही कळत नाही. नक्षीतली बारीक रेघ बघा: सुलटीवर ती तुटत नाही, उलटीवर मध्येमध्ये बुजते. पांढऱ्यावर पांढरी नक्षी असेल तर डोळे बाजूला ठेवा आणि बोट फिरवा, छापलेला भाग किंचित खरखरीत लागतो. खडी प्रिंट, फॉइल आणि रबर प्रिंटमध्येही हाताला लगेच कळतं.

यानंतर पुरावा द्यायला येते ती किनार. पन्ह्याच्या, म्हणजे कापडाच्या रुंदीच्या, दोन्ही कडांना धाग्यांची जी घट्ट पट्टी असते तिच्यावर कंपनीचं नाव किंवा रंगांचे छोटे गोल ठिपके छापलेले असतात. अक्षरं सरळ वाचता येतात ती सुलट बाजू. ठिपके जिथे ठसठशीत दिसतात तीही सुलट. हा चांगला पुरावा आहे, पण तो किनारीवर आहे, आणि कापताना आपण सगळ्यात आधी किनारच काढून टाकतो. काढायलाही हवीच, कारण ती घट्ट विणीची असते आणि धुतल्यावर बाकीच्या कापडापेक्षा वेगळी आटते. गोधडीत राहिली तर तिथे चुण्या पडतात. म्हणून क्रम असा ठेवा: किनार वाचा, कापडावर खूण करा, मग किनार कापा.

किनारीवर बारीक भोकांची रांग दिसते, तिच्याबद्दलही विचारलं जातं. कापड प्रक्रियेच्या कारखान्यात ओलं कापड दोन्ही कडांनी खिळ्यांच्या साखळीवर ताणून गरम हवेत वाळवतात, त्या खिळ्यांची ही भोकं. एका बाजूने बोट फिरवलं तर भोकांच्या कडा टोचतात, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत लागतात. ‘टोचेल ती सुलट’ असं काही जण ठामपणे सांगतात. मी तसं सांगणार नाही, कारण कापड यंत्रावर सुलट वर करून चढवलं की उलट, हे कारखान्यागणिक आणि कापडागणिक बदलतं. पण या भोकांचा वेगळा उपयोग होतो. एकाच ताग्याच्या, म्हणजे अखंड गुंडाळीच्या, कापडात ती सगळीकडे एकाच बाजूला टोचतात. आज दोन मीटर आणलंत आणि पुढच्या आठवड्यात त्याच ताग्यातून आणखी एक मीटर आणलंत, तर दोन्ही तुकड्यांची बाजू जुळवायला भोकं पक्की साक्ष देतात.

दुकानातल्या घडीवर मात्र विसंबू नका. सुलट बाजू आत ठेवून घडी घालायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, कारण त्याने धूळ आणि ऊन लागत नाही. पण ग्राहकाला दाखवताना ताग्याची घडी दहा वेळा उलगडली जाते आणि हाताला येईल तशी परत घातली जाते.

हाताच्या ठशाची छपाई, म्हणजे ब्लॉक प्रिंट, आणि दाबू हे वेगळं प्रकरण. ब्लॉकच्या सुलटीवर नक्षीच्या कडेला रंग थोडा जास्त साचलेला दिसतो आणि दोन ठसे जिथे जुळतात तिथे बारीक सांधा दिसतो. उलटीवर हे सगळं मऊ होऊन जातं. दाबूत नक्षीवर मातीचा लेप देऊन कापड निळीत बुडवतात, त्यामुळे जमीन दोन्ही बाजूंना निळी होते. लेप मात्र एका बाजूने लावलेला, म्हणून सुलटीवरची पांढरी नक्षी स्वच्छ आणि मागची विरलेली. उज्जैनच्या भैरवगडचं बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड, बाजारात मिळतं, त्यात मेण आरपार मुरलं असेल तर दोन्ही बाजू इतक्या जवळ येतात की निवड तुमची. अजरख या ठशाच्या छपाईत दोन्ही बाजूंनी छापायची जुनी परंपरा आहे. असं कापड मिळालं तर बाजूची चिंता सोडा, पण ते गोधडीसाठी कापण्याआधी दोनदा विचार करा. एवढी मेहनत पाच इंची तुकड्यांत हरवते.

आता तुमचं निळं कापड. साधं, एकरंगी, साध्या विणीचं. अशा कापडाला तत्त्वतः सुलट-उलट नसते. गिरणीतून येताना एका बाजूवर इस्त्रीसारखी चकाकी असू शकते, पण ती खळीची, म्हणजे कापडाला दिलेल्या कांजीची, आणि दाबाची असते, एक-दोन धुण्यांत जाते. मग तुमचे चौकोन वेगळे का दिसतात? दोन सुटे चौकोन घ्या, खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवा. आधी एक चौकोन न उलटवता फक्त पाव फेरा फिरवा. रंग बदललेला दिसला, तर दोष दिशेचा. नाही बदलला, तर तो उलटून बघा.

दिशेने रंग बदलण्याचं कारण विणीत आहे. ताणा, म्हणजे किनारीला समांतर जाणारा उभा धागा, एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या रंगाचा असेल, उदाहरणार्थ ताणा निळा आणि बाणा काळा किंवा पांढरा, तर दुरून कापड एकरंगीच दिसतं, पण प्रकाश आडवा पडला की दोन्ही धागे वेगवेगळे चमकतात. बाजारात याला धूपछाव म्हणतात. खात्री करायची असेल तर चौकोनाच्या लागून असलेल्या दोन कडांमधून एकेक धागा ओढून काढा. दोन धागे दोन रंगांचे निघाले की उत्तर मिळालं. धागे एकाच रंगाचे असूनही फिरवल्यावर फरक दिसत असेल तर ती खळीच्या चकाकीची दिशा आहे, धुतल्यावर बरीचशी जाईल.

चौकोन कापल्यावर किनार उरत नाही, मग ताण्याची दिशा कळणार कशी? चौकोनाच्या समोरासमोरच्या कडा धरून हलके ओढा. ताण्याच्या दिशेने कापड जवळजवळ हलत नाही, बाण्याच्या दिशेने थोडं सैल पडतं. पाच इंची तुकड्यातही हा फरक हाताला कळतो. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढू नका, तिरपं ताणलं की चौकोनाचा आकार बिघडतो आणि तो परत जुळत नाही.

तिरप्या विणीचं, म्हणजे ट्विलचं कापड असेल तर बाजू विणीवरून कळते. किनार उभी धरा. बहुतेक ट्विलमध्ये सुलटीवरच्या तिरप्या रेघा खालून डावीकडून वर उजवीकडे चढतात आणि ठळक असतात. कापड उलटलं की त्या उलट दिशेला जातात. डेनिममध्ये ताणा निळा आणि बाणा पांढरा, म्हणून निळी बाजू सुलट. डाव्या हाताचं ट्विलही मिळतं, तेव्हा रेघांच्या दिशेपेक्षा त्यांच्या ठळकपणाला जास्त मान द्या. साटीन चकचकीत बाजूने सुलट. फ्लॅनेल बाळाच्या दुपट्याच्या अस्तराला लावतात, त्यात नक्षीची बाजू सुलट, आणि लव दोन्हीकडे असू शकते. हकोबाच्या, म्हणजे भोकांचं भरतकाम केलेल्या कापडाच्या, भोकांची भरीव कड ज्या बाजूला उठून दिसते ती सुलट. होजिअरीचं कापड गोधडीत शक्यतो घेऊ नये. घेतलंच तर सुलटीवर बारीक उभ्या वेणीसारखे टाके दिसतात, उलटीवर आडवे उंचवटे.

हातमागाच्या आणि खादीच्या कापडाबाबत मी आग्रह धरत नाही. दोन्ही बाजू सारख्या असतात, आणि सुताच्या गाठी-जाडसर जागा हेच त्याचं रूप. तरी संपूर्ण तुकडा अंथरून दोन्ही बाजू एकदा बघाव्यात. तुटलेला धागा जोडल्याच्या गाठी जिकडे कमी तिकडची बाजू वर घ्यावी. घरच्या ट्रंकेत जुनं लाँगक्लॉथ किंवा मांजरपाट असेल तर तिथेही हेच. ते अस्तराला उत्तम, आणि बाजू शोधण्यात वेळ घालवायची गरज नाही.

साड्यांचं गणित वेगळं आहे, कारण तिथे शिवणकामाने खुणा ठेवलेल्या असतात. फॉल आतून लावलेला असतो. तो काढला तरी टाक्यांची रांग आणि तेवढ्या पट्ट्यातला कमी विटलेला रंग राहतो. तो पट्टा ज्या बाजूला, ती उलट. पदराच्या कडेची दुमडही उलटीकडेच असते. काठावर यंत्राची नक्षी असेल तर मागे सुटे धागे लोंबतात. हातमागाच्या पैठणीचा पदर मात्र दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, तेव्हा तिथे फॉलच्या खुणेवर जा. विदर्भातल्या करवती काठाच्या टसर साडीचं अंग साधं असतं, त्यामुळे अंगाचे तुकडे कसेही चालतील; काठ वापरणार असाल तरच बाजू बघा.

आणि जुन्या साडीत एक गोष्ट उलटी होते. वर्षानुवर्षं ऊन, घर्षण आणि धूळ सुलट बाजूने सोसलेली असते. धागा रंगवून विणलेली किंवा बुडवून रंगवलेली साडी असेल, तर तिची उलट बाजू कधी कधी जास्त टवटवीत निघते. तेव्हा सरळ उलट बाजू वर घ्या. ती गोधडीची सुलट झाली. छापील साडीत हे जमत नाही, तिथे मागे मुळातच रंग कमी असतो. पण छापील कापडाची मागची बाजूही मुद्दाम वापरण्यासारखी असते: तोच रंग, थोडा धुरकट. एकाच कापडातून दोन छटा मिळतात. फक्त तो निर्णय आराखड्यात आधी घेतलेला असला पाहिजे, आणि त्या तुकड्यांची चळत वेगळी ठेवली पाहिजे.

एवढं करूनही दोन बाजूंत फरक आहे की नाही असा संभ्रम राहिला, तर दोन तुकडे शेजारी ठेवून, एक उलटून, मोबाइलने कृष्णधवल फोटो काढा. रंग बाजूला झाला की गडद-फिकेपणा तेवढा उरतो. फोटोत फरक दिसत नसेल आणि दोन हात अंतरावरून डोळ्यालाही दिसत नसेल, तर त्या कापडाला बाजू नाही असं धरून चाला.

खूण कशी करायची यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण घोळ बहुतेक इथेच होतो. ४४ इंची पन्ह्याच्या एक मीटर कापडातून, आटणं आणि किनार वजा जाता, पाच इंची चौकोनांच्या आठ-आठच्या सात रांगा निघतात, म्हणजे ५६ तुकडे. प्रत्येक तुकडा हातातून तीन-चार वेळा जातो. खुणेशिवाय ५६ तुकड्यांची बाजू लक्षात राहणार नाही.

कापड आणलं की, धुण्याआधी, उजेडात बाजू ठरवा. धुतल्यावर खळ जाते आणि तिच्यासोबत काही पुरावेही जातात. ठरलेल्या सुलट बाजूला दोन कोपऱ्यांत पांढऱ्या पॉलिस्टर दोऱ्याचे तीन-चार टाके घालून बाहेरच्या बाजूला गाठ ठेवा. खडू धुण्यात जातो, टाका जात नाही. लाल सुती दोरा वापरू नका, त्याचा रंग लागू शकतो. सुती कापड साधारण तीन ते पाच टक्के आटतं, म्हणून धुणं टाळू नका. वाळत घालताना सावलीत, उलट बाजू बाहेर करून घाला. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात ओलं गडद कापड दोरीवर दिवसभर राहिलं तर दोरीवरच्या घडीची रेघ रंगात कायमची उमटू शकते, आणि मग सुलट-उलटीचा सगळा शोध वाया.

इस्त्री झाली की कापड पसरून उलट बाजूवर शिंप्याच्या खडूने उभ्या रेघा मारा, चार-चार इंचांवर. मग पाच इंची चौकोन कसाही कापला तरी त्यावर निदान एक रेघ येतेच, आणि ती रेघ ताण्याची दिशाही सांगते. एका खुणेत दोन कामं होतात. ज्या कापडातून रेघ आरपार दिसेल, अशा मलमलीवर रेघ न मारता कापल्यावर प्रत्येक तुकड्याच्या कडेला, मायेच्या, म्हणजे शिवणीत जाणाऱ्या पट्टीच्या, आत, मऊ पेन्सिलीचा छोटा ठिपका द्या. बॉलपेन नको, शाई ओल धरली की सुलटीवर उतरते. पाण्याने जाणारं निळं पेन वापरत असाल तर ती रेघ पूर्ण धुऊन निघेपर्यंत त्यावर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने ती पक्की बसते.

चौकोनाच्या बाबतीत बाजू चुकली तर तो उलटून लावता येतो. सगळे आकार इतके दयाळू नसतात. चौकोन कर्णावर कापून केलेला त्रिकोण उलटला तरी तसाच राहतो. पण लांबट आयत कर्णावर कापला तर मिळणारा त्रिकोण एका हाताचा असतो, उलटला की आरशातल्यासारखा दुसऱ्या हाताचा होतो आणि जागेवर बसत नाही. समांतरभुज चौकोनाचंही तेच. अशा वेळी दोन चुका नेहमी होतात. पहिली, कापड दुहेरी घडी करून कापणं: वरच्या थरातले तुकडे एका हाताचे, खालच्या थरातले दुसऱ्या. दोन्ही हातांचे सारखे तुकडे हवे असतील तर ही घडी उपयोगाची, एकाच हाताचे हवे असतील तर निम्मं कापड वाया. दुसरी, पुठ्ठ्याचा साचा उलट बाजूवर ठेवून आखणं: साचा पालथा करायला विसरलं की सगळेच तुकडे उलट्या हाताचे. साच्याच्या एका बाजूवर ठळक अक्षरात ‘सुलट वर’ लिहून ठेवा. बाजू नसलेलं हातमागाचं कापड इथे फार कामी येतं, चुकीच्या हाताचा तुकडा निव्वळ उलटला की बरोबर होतो. वाकड्या आकारांसाठी कापड निवडताना मी हे आधी बघते.

आता तुमच्या जोडलेल्या भागाबद्दल. वरचा थर, भर आणि अस्तर एकत्र घेऊन धावदोरा घातलेला नसेल, तर सगळं दुरुस्त होतं आणि नवं कापडही लागत नाही. दिवसाउजेडी तो भाग अंथरा आणि खटकणाऱ्या प्रत्येक चौकोनाला टाचणी लावा. छापील तीन चौकोन काढून उलटून लावायचे. निळे चौकोन आधी पाव फेरा फिरवून तपासायचे. बहुधा तेवढ्यानेच जुळतील. ते उसवताना एका बाजूने दर चौथा टाका कापा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढला की सलग निघतो. शिवण दोन्ही हातांनी ओढून फाडत उसवू नका, कड ताणली जाते आणि पाव इंच, म्हणजे दोन सूत माया परत सरळ येत नाही. उसवलेल्या जागी सुईची भोकं दिसली तर पाण्याचा हलका हात फिरवून नखाने आडवं-उभं घासा आणि इस्त्री करा, धागे जागेवर येतात. माया आधी ज्या बाजूला दाबली होती तिची घडी चौकोन फिरवल्यावर नडते, म्हणून परत शिवण्याआधी तुकडा पूर्ण सपाट करून घ्या, आणि सुलटीला सुलट लावून टाचल्यावर मशीनवर नेण्याआधी ती जोडी एकदा उलगडून खिडकीपाशी बघा.

फिके निळे चौकोन संख्येने खूप असतील, म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या वर, तर उसवण्याआधी ते कुठे कुठे पडले आहेत ते कागदावर आखून बघा. एखाद-दुसरा हलवून त्यांची बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक मांडणी होत असेल, तर ती करा. धूपछाव कापडाला ही मांडणी शोभते, आणि दिवसभर सरकत्या उजेडात ती गोधडी सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी दिसेल.